गांवची चाकरी

मुंबईस नोकरी शोधावयास येणाऱ्या मनुष्याची हकीकत आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. आजोबा कोणत्या सालीं आले, कोणाच्या खोलीवर उतरले, पहिला पगार किती होता, हें ज्या घरांत सांगितलें जात नाहीं असें कोकणी घर या शहरांत विरळाच. परंतु मुंबई सोडून जातां यावें म्हणून जो नोकरी शोधतो, त्याची हकीकत फारशी ऐकूं येत नाहीं. तसा शोध आम्हां उभयतांना करावा लागला, आणि त्यांत दीड वर्ष गेलें. आमची कन्या या शाळेंत पहिलीपासून सहावीपर्यंत होती. गेल्या जूनमध्यें तिचा दाखला नेला त्या वेळीं, या अनुभवाविषयीं शाळेच्या अंकांत कांहीं लिहावें अशी इच्छा संपादकांनीं दर्शविली. या शाळेच्या पालकांत कोकणांतील मंडळी पुष्कळ आहेत, आणि "एक दिवस गांवीं जाऊन राहूं" हें वाक्य त्यांच्यापैकीं अनेकांच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. म्हणून ती विनंति आम्हीं मान्य केली.

आमचें गांव वेंगुर्लें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हें समुद्रकांठचें जुनें बंदर मुंबईपासून पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सतराव्या शतकांत डचांनीं येथें वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या सुमारें १२ हजार भरली. वडील तेथें टपालखात्यांत पोस्टमन होते. ते वारल्यानंतर कौलारू घरांत आई एकटी राहूं लागली. तिला मुंबईस आणण्याचा यत्न आम्हीं दोनदां केला. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत ती पहिल्या खेपेस एक महिना व दुसऱ्या खेपेस एकोणीस दिवस राहिली, आणि "माका काय झाला नाय" असें म्हणून परतीच्या गाडींत बसली. वास्तविक तिला झालें होतें. काचबिंदूनें तिच्या एका डोळ्याची दृष्टि बहुतेक गेली होती; दुसऱ्याची राखावयाची तर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळीं औषधाचे थेंब पडणें अवश्य होतें. या रोगांत गेलेली दृष्टि परत येत नाहीं, उरलेली तेवढी जपावयाची असते. थेंब घालण्याचें काम शेजारची एक मुलगी आपुलकीनें करीत असे. तिचें लग्न ठरलें, आणि आमच्यापुढील प्रश्न पुढें ढकलण्याजोगा राहिला नाहीं.

"घर आहे, आई आहे, दारांत माड आहेत, मग जाण्यास अडचण ती कोणती?" असें शेजारी विचारीत. अडचण अशी कीं, घर राहण्यास पुरतें, खाण्यास पुरत नाहीं. आमच्या वांट्यास सात माड, चार हापूस कलमें आणि डोंगरउतारावर काजूचीं कांहीं जुनीं झाडें आलीं आहेत. त्यांच्या उत्पन्नांत वर्षाचे नारळ व एखाद्या महिन्याचा किराणा निघतो. आईचें औषध, कन्येचें शिक्षण आणि चौघांचें पोट त्यांवर चालणें शक्य नव्हतें. गांठीची शिल्लक मोजली, ती आठ महिने पुरेल इतकी भरली. तेव्हां आम्हीं असें ठरविलें कीं, दोघांपैकीं निदान एकाला तेथें काम मिळाल्यावांचून येथील राजीनामा कोणीही द्यावयाचा नाहीं. आमच्यांतील एक हिशेबनीस. मशीद बंदर भागांतील एका आयात करणाऱ्या पेढींत पंधरा वर्षें काम केलेला. दुसरी गणिताची शिक्षिका. उपनगरांतील एका खाजगी शाळेंत शिकविणारी. हा बेत आईला कळविला तेव्हां ती फोनवर हंसली. "गणपतीक सगळे येतत, ऱ्हवाक कोण येणा नाय," एवढेंच ती म्हणाली.

तिच्या या वाक्यांत सबंध कोकणपट्टीचा इतिहास होता. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि पुढें गिरणगांव उभें राहिलें. त्या गिरण्यांना रत्नागिरी जिल्ह्यानें आपले तरुण दिले. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १९८१ सालीं झाला, तोंवर आमचें गांव त्याच जिल्ह्यांत होतें. पुरुष मुंबईस, बायकामुलें व म्हातारीं माणसें गांवीं, आणि दोहोंमध्यें मनिऑर्डर, अशी संसाराची घडीच बसून गेली. मुंबईस चाकरी करणाऱ्यास गांवीं "चाकरमानी" हें नांव मिळालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. संपांत पुष्कळ कामगार गांवीं गेले. पण त्यांच्या मुलांनीं पुन्हां मुंबईचीच वाट धरली, फक्त गिरणीच्या जागीं कचेरी आली. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोकण रेल्वे सबंध मार्गावर धांवूं लागली. तिनें गांव जवळ आणलें खरें, तथापि तिचे डबे ओसंडून जातात ते गणपतींत, शिमग्यांत आणि मे महिन्यांत. २००१ व २०११ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान देशाची लोकसंख्या वाढत असतां रत्नागिरी जिल्ह्याची सुमारें १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर, आणि सिंधुदुर्गाची सुमारें ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली.

नोकरी शोधूं लागल्यावर या आंकड्यांचा खरा अर्थ आम्हांस उमगला. गांवीं नोकऱ्या नाहींत म्हणून माणसें गेलीं, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु माणसें गेलीं म्हणून नोकऱ्याही गेल्या, हें तितकेंच खरें आहे. मुलें गेलीं कीं शिक्षकाची जागा जाते, गिऱ्हाईक गेलें कीं दुकानांतील नोकर जातो, बस रिकामी धांवूं लागली कीं एक फेरी बंद होते. जी जागा भरावयास आपण जावें, ती आपल्याच जाण्यानें पूर्वीं पुसली गेलेली असते. मुंबईंतील नोकरी ही रिकाम्या खुर्चीसारखी आहे. एक उठला कीं दुसरा बसतो. लहान गांवीं तशा रिकाम्या खुर्च्या मांडून ठेवलेल्या नसतात.

आरंभीं आम्हीं भांडुपला बसूनच शोध केला. नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर "वेंगुर्लें" असें लिहिलें असतां मुंबई, पुणें व गोवा येथील जागा समोर येत. जिल्ह्यांतील दैनिकांच्या "पाहिजेत" या सदरांत हॉटेलांत आचारी, औषधाच्या दुकानांत जाणकार माणूस, गाडीवर चालक, अशा जाहिराती दिसत. हिशेबनिसाची एखादी असली तर ती महिन्याच्या आंत भरली जाई, आणि ती कोणाच्या तरी ओळखीनें. गोव्याची सीमा आमच्या तालुक्यास जवळ आहे. तालुक्यांतील पुष्कळ तरुण तेथील हॉटेलांत व औषधांच्या कारखान्यांत नोकरीस जातात. २०२३ च्या जानेवारींत मोपा येथील विमानतळ चालू झाल्यापासून त्यांत भर पडली आहे. आमच्यांतील हिशेबनिसानें गोव्यांतील एक जागा जवळजवळ मिळविलीही होती. पण पहांटे निघून रात्रीं परतावयाचें, तर सकाळचे व संध्याकाळचे थेंब घालणार कोण? ज्या कारणासाठीं गांवीं जावयाचें तेंच त्या नोकरींत बुडत होतें. ती जागा आम्हीं नाकारली.

शिक्षिकेचा मार्ग याहून बिकट होता. अनुदानित शाळेंतील जागेसाठीं राज्य शासनाची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते व "पवित्र" या संकेतस्थळामार्फत निवड होते. ही पद्धति २०१७ सालीं सुरू झाली. चाचणी तिनें दिली. परंतु कोणत्या शाळेंत किती शिक्षक असावे हें विद्यार्थ्यांच्या पटावरून ठरतें. त्या हिशेबास संचमान्यता म्हणतात. पट घसरला कीं असलेला शिक्षकच "अतिरिक्त" ठरतो. मग नवा कोठून घेणार? तालुक्यांत गणिताच्या शिक्षकाची गरज नाहीं असें कोणीही म्हणेना, पण जागा आहे असेंही कोणी म्हणेना. एका विनाअनुदानित संस्थेच्या चालकांनीं मात्र जागा आहे असें कळविलें. आम्ही भेटावयास गेलों. चहा झाला, अर्ज पाहून झाला, आणि मग इमारतनिधीस देणगी किती देणार असा प्रश्न आला. त्यांनीं सुचविलेली रक्कम आमच्या सर्व शिल्लकेहून मोठी होती. ती आमच्यापाशीं असती तरी दिली नसती, असें आज आम्ही म्हणूं शकतों. त्या दिवशीं परतीच्या रात्रगाडींत मात्र दोघांपैकीं कोणीही बोललें नाहीं. थेंब घालणाऱ्या मुलीच्या लग्नास तेव्हां तीन महिने उरले होते.

हिशेबनिसास एका पतसंस्थेनें मुलाखतीस बोलाविलें. प्रमाणपत्रें त्यांनीं चाळलीं व बाजूस ठेवलीं. "मुंबईचा पगार सोडून तुम्ही येथें किती दिवस राहणार?" हाच एक प्रश्न तीन निरनिराळ्या शब्दांत त्यांनीं तीनदां विचारला. त्यांचें भय अकारण नव्हतें. त्यांच्याकडे काम शिकलेले दोन तरुण एकापाठोपाठ एक मुंबईस गेले होते. मोठ्या शहरांतील मालक मनुष्याची हुषारी जोखतो. लहान गांवचा मालक तो टिकेल किंवा नाहीं हें जोखतो. आणि टिकण्याचें प्रमाणपत्र कोणतेंही विद्यापीठ देत नाहीं. ती जागाही मिळाली नाहीं.

लग्न झालें. शेजारच्या मुलीचें काम एका दूरच्या नातलगांकडे सोंपविलें, पण त्यांच्या सवडीप्रमाणें कधीं थेंब पडत, कधीं पडत नसत. मे महिन्याच्या सुट्टींत आम्ही गेलों तेव्हां आईनें चहा गाळतांना कपाच्या बाहेर ओतला, आणि आम्हीं पाहिलें नाहीं अशा समजुतीनें ओटा पुसून घेतला. त्या सुट्टींत आम्हीं अर्ज लिहिणें थांबविलें आणि दुसरी वाट धरली. रोज सकाळीं बाजारपेठेंतून, बंदरावरून व तालुक्याच्या वाड्यांतून हिंडावयाचें आणि एकच प्रश्न विचारावयाचा: "तुमचें कोणतें काम करावयास माणूस मिळत नाहीं?" नोकरी आहे का, असें विचारलें असतां उत्तर "नाहीं" असें एका शब्दांत येई. हा दुसरा प्रश्न विचारला कीं लोक खुर्ची पुढें सरकवीत.

या हिंडण्यांत काजूचा धंदा आम्हांस प्रथमच आंतून दिसला. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आणलें, आणि डोंगरउतारांवर तें येथलेंच होऊन गेलें. वेंगुर्ल्यांत १९५७ सालीं स्थापन झालेलें फळसंशोधन केंद्र आहे. तेथें निपजलेल्या काजूच्या जाती "वेंगुर्ला" या नांवानेंच ओळखल्या जातात. मार्च ते मे या तीन महिन्यांत बागाईतदार काजूबी विकतो. कारखानदार ती उन्हांत वाळवून सांठवितो. मग वाफ देऊन टरफल फोडावयाचें, गर उबेंत सुकवावयाचा, त्यावरील तांबूस साल काढावयाची आणि आकाराप्रमाणें प्रत लावावयाची. सोलण्या-निवडण्याचें काम बहुतेक स्त्रिया करतात. "डब्ल्यू ३२०" अशी जी खूण डब्यावर असते तिचा अर्थ असा कीं, एका पौंडांत त्या प्रतीचे सुमारें ३०० ते ३२० अख्खे गर बसतात; आंकडा जितका लहान तितका काजू मोठा. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा यांचे भाव निरनिराळे. वर्षाची बी तीन महिन्यांत विकत घ्यावयाची, म्हणजे पैसा एकदम लागतो. तो बँकेकडून कर्जाऊ घ्यावा लागतो, आणि माल मात्र पुढें महिनोन्‌महिने विकला जातो. स्थानिक बी पुरत नाहीं म्हणून कित्येकजण आफ्रिकेंतून आलेली बी व्यापाऱ्यांमार्फत आणवितात. बँकेस दरमहा मालाचा तपशील हवा. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें ठरल्या दिवशीं भरावयाचीं. कारखानदार काजूची प्रत डोळ्यांनीं सांगेल, पण या कागदांपुढें तो हात टेकतो.

अशा एका कारखानदारानें आपली खतावणी आमच्या हिशेबनिसापुढें ठेवली. आयातीचे कागद वाचण्यांत ज्याचीं पंधरा वर्षें गेलीं, त्यास तेथील गुंता उलगडण्यास दोन दिवस लागले. "मला तुम्ही हवे आहां," तो गृहस्थ म्हणाला, "पण आठवड्यांतून दोनच दिवस. सहा दिवसांचा पगार मला झेपणार नाहीं." या एका वाक्यानें आमचा पुढचा मार्ग उघडला. ज्या गांवास पूर्ण वेळेचा हिशेबनीस परवडत नाहीं, त्या गांवांत दोन दिवसांचा हिशेबनीस हव्या असलेल्या तीन-चार जागा असतात. त्यांना एकमेकांची गांठ घालून देणारा कोणी नसतो, इतकेंच. जूनच्या आंत एक लोखंडी सामानाचें दुकान, मच्छीमारांची एक सहकारी संस्था आणि पर्यटकांस उतरावयास खोल्या देणारें एक कुटुंब, अशीं आणखी तीन कामें जुळलीं.

हीं चार कामें वर्षाच्या पंचांगांत एकमेकांच्या आड येत नाहींत, हें हळूहळू लक्षांत आलें. काजूची खरेदी मार्चपासून मेपर्यंत. पर्यटकांची गर्दी दिवाळी, नाताळ व मे महिना या वेळीं. मासेमारी जून-जुलैंत बंद, म्हणून संस्थेचे मागील हिशेब त्याच दोन महिन्यांत उरकावयाचे. आणि लोखंडी सामानास मागणी पावसाळा सरल्यावर, घरांचीं बांधकामें सुरू झालीं कीं. मुंबईंतील पगार महिन्याच्या ठरल्या तारखेस येई. येथें तो भरती-ओहोटीप्रमाणें येतो, आणि ओहोटीसाठीं भरतींत शिल्लक टाकावी लागते. हिशेबनिसाच्या घरांत हें तरी जमलेंच पाहिजे.

मच्छीमार संस्थेंत काम मिळालें त्याची हकीकत थोडी निराळी आहे. तेथील वृद्ध अध्यक्षांनीं पदवी विचारली नाहीं, पगार विचारला नाहीं. "खंयचे तुमी? कोणाचे?" हा त्यांचा प्रश्न. वडिलांचें नांव सांगतांच ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले कीं, त्यांचे वडील मुंबईस गिरणींत असतांना दर महिन्याची मनिऑर्डर आमचे वडील घरीं आणून देत. एकदां पावसांत साकव वाहून गेला होता, तरी फेऱ्यानें चालत येऊन त्यांनीं नोटा आईच्या हातावर मोजल्या होत्या. हें आम्हांस कोणीं कधीं सांगितलें नव्हतें. वडिलांनीं तर नाहींच. दुसऱ्या दिवशीं संस्थेच्या कपाटाची किल्ली आमच्या हातीं आली. "तुम्ही कोणाचे" या प्रश्नाचा शहरांतील माणसास राग येतो, आणि जेथें त्याचा अर्थ जात किंवा वशिला असा होतो तेथें तो यावाच. परंतु येथें विचारणाऱ्यास एवढेंच हवें होतें कीं, या मनुष्याच्या हातीं पैसा दिला असतां तो जागेवर पोंचेल कीं नाहीं. तें उत्तर वडिलांनीं तीस वर्षें पायीं चालून देऊन ठेवलें होतें.

आतां शिक्षिकेविषयीं. कन्येचें नांव घालण्यासाठीं आम्ही तेथील एका माध्यमिक शाळेंत गेलों तेव्हां मुख्याध्यापिकाबाईंनीं दाखला दोन्ही हातांत घेऊन पाहिला. सातवींत एक विद्यार्थिनी वाढली याचा त्यांस झालेला आनंद आम्हांस प्रथम थोडा अधिक वाटला. मग त्यांनीं पटाचें पुस्तक दाखविलें. कांहीं वर्गांत दोन-चार मुलें कमी झालीं तरी शिक्षकाच्या एका जागेवर संकट येतें. मुंबईंत आमची मुलगी साठांतील एक होती; येथें तिचें नांव कोणाच्या तरी भाकरीस आधार देत होतें. बोलतां बोलतां बाईंना कळलें कीं, मुलीची आई गणित शिकविते. त्यांच्या गणिताच्या शिक्षिका ऑगस्टपासून प्रसूतीच्या रजेवर जाणार होत्या. ती रजेची जागा आमच्यांतील शिक्षिकेस मिळाली. रजा संपल्यावर तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकविले तितक्यांचें मानधन या बोलीनें, ती तेथेंच राहिली. ही व्यवस्था वर्षाअखेरपर्यंतची आहे. पुढील जूनमध्यें काय होईल हें पटावर अवलंबून आहे, आणि पट कोणाच्या हातीं नाहीं.

पालकांपैकीं कोणी हा मार्ग धरूं पाहत असतील तर त्यांच्यासाठीं जमाखर्च उघड मांडणें आमचें कर्तव्य आहे. मुंबईंत दोघांना मिळून जें मिळे त्याच्या निम्म्याहून किंचित् कमी आज मिळतें. घरभाडें नाहीं, रेल्वेचा पास नाहीं, भाजी बरीचशी परसांतील; तरीही महिनाअखेर ओढाताण होते. पावसाळ्यांत वीज दिवसेंदिवस लहरीपणें जाते. मोठें दुखणें आलें तर गोव्यांतील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी लागते, आणि रात्रींच्या वेळीं ती वाट फार लांब वाटते. कन्येस पहिले तीन महिने या शाळेंतील मैत्रिणींची आठवण येऊन रडूं येई. तिला पुढें उच्च शिक्षण घ्यावयाचें झाल्यास बहुधा पुन्हां शहराचीच वाट धरावी लागेल, हेंही आम्ही जाणून आहों. जमेच्या बाजूस पाहतां, दिवसाचे चार तास जे आगगाडींत जात ते परत मिळाले. कन्या पोहावयास शिकली. आणि सकाळीं सात व संध्याकाळीं सात वाजतां आईच्या डोळ्यांत थेंब पडतात. मागील तपासणींत डॉक्टरांनीं सांगितलें कीं, दुसऱ्या डोळ्याची दृष्टि सध्यां जेथें होती तेथेंच टिकून आहे. आईनें त्यावर, "माका काय झालाच नव्हता," असें डॉक्टरांनाच ऐकविलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं बहुतेकांस अद्याप नोकरी शोधण्यास अवकाश आहे. गांवीं परत जाणें हें कांहीं सर्वांचें कर्तव्य नव्हे. ज्यास दूर जावयाचें आहे त्यानें आनंदानें जावें, कारण आमचे पूर्वजही पोटासाठींच गेले आणि त्यांनीं हें शहर उभें करण्यास हातभार लावला. परंतु पदवी हातीं आली कीं तिच्या नांवाची जागा कोठें तरी रिकामी असेल, अशा भरंवशावर राहूं नये. आपल्या हातांस जें येतें तें कोणास हवें आहे, याचा शोध निराळा करावा लागतो. मोठ्या शहरांत तो शोध दुसरे लोक आपल्यासाठीं करून ठेवतात. लहान गांवीं तो आपला आपण करावा लागतो, दारोदार हिंडून, ऐकून घेऊन, आणि पुष्कळदां तुकड्यातुकड्यांनीं. सहा दिवसांचें काम एकाच ठिकाणीं मिळत नसेल तर तें चार ठिकाणीं आहे काय, हें पाहावें. आणि शक्य तर घरचा मनुष्य अगतिक होण्याची वाट न पाहतां, हातीं नोकरी व गांठीं चार पैसे असतांनाच शोधास लागावें.

तुमच्यापैकीं पुष्कळजण मे महिन्यांत आजोळीं किंवा आपापल्या गांवीं जातील. आंबे खावे, समुद्रांत डुंबावें, जत्रा पाहावी. मात्र एखाद्या सकाळीं वडीलमंडळींचें बोट धरून तेथील बाजारपेठेंतून एक फेरी अवश्य मारावी, आणि ओळखीच्या दुकानदारास, कारखानदारास किंवा शाळेच्या गुरुजींस एवढें विचारून यावें: तुमचें कोणतें काम करावयास माणूस मिळत नाहीं?